घरीच तर असतेस!

"तू घरीच असतेस ना, मग जरा..." हे वाक्य कानावर पडलं की डोक्यात तिडीक जाते. हो, असते घरी. पुस्तकांसाठी चित्रं काढते, त्याचे पैसे मिळतात, त्यावर टॅक्सही भरते. तरी कुरिअर घ्यायला मी, प्लंबरसाठी थांबायला मी, शाळेतून फोन आला की धावायलाही मीच. का? तर नवऱ्याला मीटिंग असते. मला काय, छंद!

जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, ओला असताना मध्येच उठावं लागलं की त्याची कडा वाळते आणि कागदावर रेघ उमटते. मग कितीही पाणी फिरवा, ती पूर्ण जात नाही. अख्खं चित्र पुन्हा. हे सांगितलं की उत्तर ठरलेलं, "अगं, पाचच मिनिटं!" ती पाच मिनिटं मी रात्री सगळे झोपल्यावर जागून भरून काढते. आणि सकाळी वर हेही ऐकते, "एवढी काय दमलीस, आवडीचंच तर करतेस."

आवडीचं आहे म्हणून डेडलाइन पुढे जाते का? आजारी पडले तर पगारी रजा मिळते का?

मुलांबद्दल तक्रार नाहीये (लहान आहेत, दार वाजवणारच). वैताग आहे तो मोठ्यांचा. नवऱ्याचा लॅपटॉप उघडा दिसला की घरात सगळे हळू बोलतात. माझ्या टेबलावर मात्र येता-जाता कोणीही घड्या न घातलेले कपडे आणून टाकतं. ओल्या चित्रावरसुद्धा!