रुंदीआधी व्यास पाहावा
रुंद टायर घातल्याने पकड आणि रुबाब दोन्ही वाढतात, हे गाडीला रुंद टायर बसवण्याविषयीच्या आपल्या लेखातील म्हणणे कोरड्या रस्त्यापुरते मान्य आहे. मात्र चाकाच्या एकूण व्यासाचा उल्लेखही नसावा, हे खटकले. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला येणाऱ्या १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच) टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर भरतो आणि १९५/५५ आर १६ चाही जवळपास तेवढाच, त्यामुळे स्पीडोमीटरचा आकडा बिघडत नाही. याउलट २०५/५५ आर १६ घेतल्यास व्यास दहा मिलिमीटरने वाढतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चाकाच्या कमानीतील प्लॅस्टिकच्या अस्तराला (लायनरला) घासण्याची शक्यता निर्माण होते; दुकानदार हे आपणहून क्वचितच सांगतात.

टायरच्या कडेवरील भारांकही, म्हणजे एक टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, वाचावा. ८८ म्हणजे ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. टायर रुंद झाला म्हणून तो जास्त भार पेलेलच असे नाही. शिवाय १८५/६५ आर १५ वरून १९५/५५ आर १६ वर गेल्यास टायरच्या भिंतीची उंची १२० वरून १०७ मिलिमीटरवर येते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यातील पाण्याने भरलेल्या खड्ड्यांत अलॉय रिमची कड वाकते ती यामुळेच. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगू लागतो, हेही लेखात यायला हवे होते.