चेहऱ्याला हात लावू नये

चाळिशीच्या तोंडावर माणसाला रक्तदाब जडावा, चष्म्याचा नंबर वाढावा, गुडघ्याने कुरकुर करावी. या सर्व व्याधींना आपल्या समाजात एक प्रतिष्ठा आहे. मात्र त्याच वयात त्याच्या नाकाच्या शेंड्यावर टपोरी पुटकुळी उगवली, तर त्याला सहानुभूती मिळत नाही, सल्ला मिळतो. माझ्या बँकेत कर्ज बुडवलेला खातेदारसुद्धा समोरच्या खुर्चीवर बसून हप्त्याविषयी बोलण्याआधी माझ्या गालाकडे पाहतो आणि म्हणतो, "साहेब, उष्णता झालीय तुम्हाला."

उष्णता हे आमच्या आईचेही निदान आहे. तिच्या मते माणसाच्या चेहऱ्यावर जे काही येते ते पोटातून येते, त्यामुळे माझा उपचार सब्जा आणि गुलकंदापासून सुरू होऊन सहाणेवर दुधात उगाळलेल्या जायफळाच्या लेपापर्यंत पोहोचतो. शेजारच्या काकूंचा विश्वास मुलतानी मातीवर आणि लिंबावर आहे. त्वचेचा सामू (पीएच; आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र) साधारण पाचच्या आसपास असतो आणि लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास, ही माहिती मी त्यांना नम्रपणे दिली असता, "म्हणून तर झोंबतं, आणि झोंबतं म्हणजेच लागू पडतं," असे उत्तर मिळाले. केशकर्तनालयातील कारागिराला दाढीनंतर तुरटी फिरवून वर अक्रोडाच्या टरफलाचे खरखरीत स्क्रब चोळायचे असते. या सर्वांत एकच साम्य आहे: पुटकुळी जागच्या जागी राहते आणि तिच्या भोवतालचा निरपराध प्रदेश लाल होतो.

या मंडळींत सर्वांत धोकादायक होती ती आमच्या विस्तारित कुटुंबात घरोघर फिरणारी, शेपटाकडून गुंडाळत आणलेली एक ट्यूब. ती मूळ कोणी आणली हे कोणालाच ठाऊक नाही, पण खाज, नायटा, वांग, मुरूम आणि काळा रंग या सर्वांवर ती चालते, अशी तिची ख्याती होती. चुलतभावाने ती मला देऊ केली, तेव्हा मी लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञ बाईंना दाखवली. त्यांनी बारीक अक्षरातली घटकांची नावे वाचली आणि ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिच्यात तीव्र स्टेरॉइड होते. अशा मलमाने चार दिवस चेहरा छान दिसतो, पुढे त्वचा पातळ होते, आणि मलम बंद करताच पुटकुळ्या व्याजासकट परत येतात. व्याजाचा दाखला दिल्यामुळे मला ते तात्काळ पटले. चुलतभाऊ मात्र आजही त्या ट्यूबची चौकशी करतो.

बाईंनी मग जे समजावले ते मी घरी अनेकदा सांगून पाहिले आहे. केसाच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी असतात. तेल आणि मृत पेशी मिळून छिद्राच्या तोंडाशी बूच बसते, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. हे सारे डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधी सुरू झालेले असते, त्यामुळे आज उगवलेल्या पुटकुळीसाठी परवाच्या कांदाभज्यांना जबाबदार धरणे अन्यायाचे आहे. साखर, मैदा आणि काही जणांच्या बाबतीत दूध यांचा मुरुमांशी संबंध संशोधनात दिसतो, पण भज्यांवर आरोप सिद्ध झालेला नाही. एवढे सांगितल्यावर त्यांनी कागदावर लिहिले: सकाळी सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन; रात्री फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि ०.१ टक्का अ‍ॅडापलीन जेल, सुरुवातीला एक दिवसाआड. ठळक सुजलेल्या पुटकुळ्यांवर सकाळी २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड. मी विचारले, "एवढंच?" त्या म्हणाल्या, "एवढंच. आणि चेहऱ्याला हात लावायचा नाही. तुम्हीही नाही आणि इतर कोणीही नाही."

माझी खरी अडचण 'इतर कोणीही' या कलमात होती.

पहिला उठाव मॉइश्चरायझरवरून झाला. तेलकट चेहऱ्याच्या माणसाने त्यावर पुन्हा काही चोपडावे, हे आईच्या तर्कशास्त्रात बसेना. हे औषध त्वचा कोरडी पाडते, कोरडी त्वचा चुरचुरते आणि मग रुग्ण औषधच सोडून देतो, म्हणून पातळ जेलसारखे, छिद्रे न बुजवणारे मॉइश्चरायझर हवेच, असे मी सांगत होतो. त्यावर माझी नववीतली मुलगी, जिचे शिक्षण मोबाइलवर झाले आहे, तिने "बाबा, तुझ्या बाटलीवर नॉन-कॉमेडोजेनिक लिहिलंय का बघ आधी," अशी माझी उलटतपासणी घेतली. तिच्या फळीवर सात बाटल्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या दोन एकत्र लावल्यास चेहरा पेटतो, हे तिला पाढ्यांपेक्षा चांगले पाठ आहे. माझ्या चार-पाच वस्तूंकडे ती गरिबाच्या संसाराकडे पाहावे तशी पाहते.

सनस्क्रीनचे प्रमाण दोन बोटांच्या लांबीइतके सांगितलेले असते. तेवढे इमानदारीने लावल्यावर मी बँकेत पोहोचलो, तेव्हा शिपाई म्हणाला, "साहेब, चुना लागलाय." पन्नास ग्रॅमच्या त्या ट्यूबची किंमत आठवून मी त्याच्याशी दोन्ही अर्थांनी सहमत झालो.

अ‍ॅडापलीनचे वैशिष्ट्य असे की ते वाटाण्याएवढेच घ्यायचे आणि फक्त पुटकुळीवर नव्हे, तर सर्व चेहऱ्यावर पसरायचे, कारण त्याचे काम अजून न उगवलेल्या पुटकुळ्यांशी असते. त्याचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या आठवड्यांत चेहरा पूर्वीपेक्षा वाईट होऊ शकतो. माझा झाला. नाकाच्या कडांना कोंडा सुटला, हनुवटी लाल झाली, आणि जायफळ पक्षाची ताकद घरात एकदम वाढली. औषध लागू पडते आहे याची खूण म्हणून माणसाने अधिक विद्रूप व्हायचे आणि वर धीर धरायचा, ही अपेक्षा कोणत्याही कुटुंबाकडून करणे जरा जादाच आहे. त्या काळात एक वहिनी माझी अ‍ॅडापलीनची ट्यूब मागून गेल्या. त्यांना दिवस राहिले आहेत हे कळल्यावर मी ती दिली नाही, कारण गरोदरपणात हे औषध टाळायचे असते. कंजूष अशी माझी कीर्ती माहेरपर्यंत गेली.

बेन्झॉइल पेरॉक्साइडविषयी पत्नीला अधिक बोलायचे असते. ते जिवाणू मारते, तसाच कापडाचा रंगही मारते. तिच्या माहेरून आलेल्या मरून टॉवेलवर आता केशरी-पांढरे डाग आहेत, आणि निळ्या उशीच्या अभ्ऱ्यावर माझ्या उजव्या जबड्याचा नकाशा इतका स्पष्ट उमटला आहे की ओळखपत्रासाठी चालावा. "अहो, तुमच्या चेहऱ्यावर डाग पडायचे थांबतील, पण घरातल्या कापडाचं काय?" या प्रश्नावर मी पांढरे टॉवेल आणले.

हनुवटीखालच्या पुटकुळ्या मात्र कशालाच दाद देत नव्हत्या. बाईंनी विचारले, "हेल्मेट वापरता का?" पट्ट्याचे घर्षण आणि खालचा घाम, एवढे कारण मुरुमांना पुरते. हेल्मेटला विरोध करण्याची पुण्याची परंपरा जुनी व समृद्ध आहे. या मुद्द्याकडे विरोधकांचे लक्ष कसे गेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. मी हेल्मेट सोडले नाही, पट्टा धुऊ लागलो. याच न्यायाने रविवारची खोबरेल तेलाची चंपीही बंद झाली, कारण डोक्यावरचे तेल ओघळून केसांच्या कडेने कपाळावर पुटकुळ्यांचे तोरण बांधत होते.

चंपीचे दुःख आईने गिळले, पण नरक चतुर्दशी जवळ आल्यावर तिचा संयम संपला. अभ्यंगस्नानाला तेल नाही, उटणे नाही, हे तिला ऐकवेना. बऱ्याच वाटाघाटींनंतर ठरले की तेल, उटणे आणि मोती साबण यांची हद्द गळ्यापाशी संपेल, आणि वरच्या भागावर माझा फेसवॉश राज्य करील. पहाटे पाट मांडला, रांगोळी झाली, तिने खांद्यांना, पाठीला, पायांना शिस्तीत तेल लावले. हद्दीचे उल्लंघन झाले नाही. मग, "कपाळाला शास्त्रापुरतं एक बोट तरी लावू दे," असे म्हणून तिने तेलाचे बोट नेमके माझ्या उजव्या भुवईच्या वर टेकवले, जरासे दाबून पाहिले, आणि विचारले, "ही कधी आली रे?"