'आरजीला मत म्हणजे भाजपला मत': त्या फॉरवर्डला एकदा नीट उत्तर देतो

गोव्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. थोडक्यात असा: रेव्होल्युशनरी गोवन्स म्हणजे आरजीने 2022 ला मतं खाल्ली म्हणून भाजप परत आली, 2024 ला लोकसभेतही तेच केलं, ही भाजपची बी टीम आहे, एक आमदार विधानसभेत काय दिवे लावणार, आणि रागच असेल तर सरळ नोटा दाबा पण मत फुकट घालवू नका. खाली हात जोडलेले चार इमोजी.

आधीच सांगतो, मी आरजीचा कार्यकर्ता नाही. 'भायले भायले' (बाहेरचे, बाहेरचे) करून मतं मागायची त्यांची पद्धत मला पटत नाही, त्यावर खाली बोलतोच. पण काँग्रेसला कंटाळलेला, भाजपला द्यायचं नाही आणि आता करायचं काय या विचारात पडलेला जो माणूस आहे ना, आमच्याकडे दर दुसऱ्या घरात एक आहे, त्याला असला मेसेज पाठवून गप्प बसवणं मला आवडत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मतं खाल्ली

ती मतं काँग्रेसची होती हे कोणी ठरवलं? 2022 ला भाजपला मतं पडली साधारण 33 टक्के आणि जागा मिळाल्या 40 पैकी 20. म्हणजे दोन तृतीयांश लोकांनी भाजपला मत दिलं नव्हतं. ती मतं विभागली हे खरं, पण विभागली किती जणांत ते बघा: काँग्रेस आणि गोवा फॉरवर्ड एकीकडे, तृणमूल आणि मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) दुसरीकडे, आप वेगळी, राष्ट्रवादी आणि शिवसेना आणखी वेगळी, त्यात अपक्ष, त्यात आरजी. नावेली मतदारसंघात भाजप 430 मतांनी आली, दुसऱ्या नंबरवर तृणमूल होती, आणि काँग्रेस, आप दोघंही मैदानात होते. तिथला हिशोब आरजीच्या नावावर कसा काय लावता? आठ जणांनी एकमेकांचे पाय ओढायचे आणि बिल मात्र एकाच्या नावाने फाडायचं, तेही ज्याच्यामागे ना पैसा ना दिल्ली त्याच्या.

प्रियोळ बघा. भाजपचे गोविंद गावडे मगोच्या दीपक ढवळीकरांना हरवून 213 मतांनी आले. समजा तिथे बाकी कोणी उभंच नव्हतं आणि ढवळीकर निवडून आले. मग? मगोने तर निकाल लागल्याबरोबर भाजपला पाठिंबा दिला, आणि सुदिन ढवळीकर मंत्रीही झाले. भाजपविरोधी म्हणून मगोला दिलेलं मत सरकारात जाऊन बसलं, पण त्याला कोणी 'मतं खाल्ली' म्हणत नाही. तिन्ही अपक्षांचंही तेच, त्यांनी पाठिंबा द्यायला जरासुद्धा उशीर केला नाही.

काँग्रेसला दिलेलं मत तरी कुठे गेलं

हा मुद्दा मेसेजमध्ये नाहीच, आणि खरा राग इथेच आहे, म्हणून जरा थांबतो इथे.

2017 ला आरजी निवडणुकीत नव्हती. काँग्रेसला 17 जागा मिळाल्या, भाजपला 13. सरकार कोणाचं झालं? भाजपचं. भाजपच्या विरोधात प्रचार करून तीन जागा जिंकलेली गोवा फॉरवर्ड तिकडे गेली, विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी विश्वजीत राणे काँग्रेस सोडून बाहेर पडले, आणि जुलै 2019 मध्ये उरलेल्या 15 पैकी 10 आमदार एका झटक्यात भाजपमध्ये. 15 चे दोन तृतीयांश दहाच होतात, पक्षांतरबंदीतून सुटायला लागतात बरोबर तेवढेच.

मग 2022 आली. या वेळी लोकांना खात्री पटावी म्हणून काँग्रेसने आपले उमेदवार बसमध्ये घालून पणजीच्या महालक्ष्मीला नेले, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) नेले, बेतीच्या दर्ग्यात नेले, आणि पक्ष सोडणार नाही म्हणून शपथ घ्यायला लावली. सगळे फोटो छापून आले. 11 निवडून आले. 14 सप्टेंबर 2022 ला, निकालाला जेमतेम सहा महिने झाले असताना, त्यातले 8 भाजपमध्ये गेले. 11 चे दोन तृतीयांश किती होतात ते मोजा तुम्हीच. त्या आठांतल्या मडगावच्या दिगंबर कामतांना शपथेचं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की आपण देवाला परत विचारलं आणि देवाने परवानगी दिली. ऑगस्ट 2025 मध्ये ते मंत्रीही झाले. देव पावला म्हणायचं.

आता मला सांगा, मडगावात ज्याने 'भाजप नको' म्हणून हाताचं बटण दाबलं त्याचं मत भाजपला गेलं की नाही? आणि हे आरजीने केलं?

मेसेजवाले म्हणतील की काँग्रेसला जास्त जागा मिळाल्या असत्या तर फूट पडलीच नसती. सरकार आलं असतं तर कदाचित पडली नसती, एवढं मी मान्य करतो. गोव्यातले मतदारसंघ लहान, पंचवीस-तीस हजार मतदारांचे, मुख्यमंत्री स्वतः साखळी मतदारसंघात 666 मतांनी वाचले, म्हणजे थोडी मतं इकडची तिकडे झाली तर निकाल बदलतो, आणि काही जागी तिसऱ्या-चौथ्या उमेदवारामुळे भाजपला फायदा झाला यात वादच नाही. पण मग ती समजूत मतदाराला कशाला घालता, पक्षांना घाला की. एकत्र बसून जागा वाटून घ्यायचं काम त्यांचं आहे, ते करायचं नाही आणि नंतर घराघरात जाऊन मतदाराला सांगायचं की तू चुकलास, हा कुठला न्याय.

लोकसभेला पण तेच केलं

हा मुद्दा तर आकडे न बघताच लिहिलाय. 2024 ला उत्तर गोव्यात श्रीपाद नाईक 1 लाख 16 हजारांच्या आघाडीने जिंकले. आरजीचे मनोज परब यांना मिळाली पंचेचाळीस हजारांच्या आसपास. ती सगळीच्या सगळी काँग्रेसच्या खलपांना दिली तरी काही फरक पडत नव्हता. दक्षिण गोव्यात आरजीचा उमेदवार उभा असतानाही काँग्रेसचे विरियातो फर्नांडिस 13,535 मतांनी जिंकले. आणि गंमत म्हणजे तिथे आरजीला मिळालेली मतं या आघाडीपेक्षा जास्त होती. मेसेजचंच लॉजिक लावायचं तर तिथे आरजीने भाजपची मतं खाल्ली म्हणायला हवं, नाही का? पण ते कोणी फॉरवर्ड करणार नाही.

बी टीम

सांत आंद्रे. 2022 मध्ये आरजीची एकुलती एक जागा आली ती इथे. वीरेश बोरकरनी ज्यांना हरवलं ते फ्रान्सिस सिल्वेरा, भाजपचे उमेदवार, आणि 2017 ला याच मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर आलेले, 2019 ला जे दहा गेले त्यातले एक. फरक 76 मतांचा. एका वाड्यावरची मतं झाली ही. फुटीराला घरी बसवायचं जे काम काँग्रेसने करायला हवं होतं ते इथे आरजीने केलं, आणि काँग्रेसचा उमेदवारही तिथे उभा होता बरं का, म्हणजे 76 मतं इकडची तिकडे झाली असती तर 'मतं खाल्ली' हे कोणाबद्दल म्हणायचं?

बी टीम हा आरोप आता इतका स्वस्त झालाय की आपवर झाला, तृणमूलवर झाला, महाराष्ट्रात वंचितवर रोज होतो. खरं असेल कुठेतरी, माझं काही म्हणणं नाही, पण पुरावा म्हणून 'त्यांच्यामुळे भाजपला फायदा होतो' एवढंच दाखवत असाल तर काँग्रेसच्या आठ आमदारांइतका फायदा भाजपला आजवर कोणी करून दिलेला नाही.

एक आमदार काय करणार

फारसं काही नाही, हे खरंच आहे. 40 च्या सभागृहात एकटा माणूस प्रश्न विचारतो, खाजगी विधेयक आणतो, ते पडतं. बोरकरांचं पोगो विधेयकही, म्हणजे मूळ गोवेकर कोण ते ठरवणारं, पुढे गेलं नाही. पण मत फुकट गेलं असं नाही होत, आणि यामागे निवडणूक आयोगाचा एक नियम आहे जो बऱ्याच लोकांना माहीत नसतो. विधानसभेच्या निवडणुकीत राज्यभर मिळून 8 टक्के वैध मतं पडली तर पक्षाला राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळते, जागा कितीही येवोत. आरजीला 9 टक्क्यांच्या वर पडली. म्हणजे पेडण्यात किंवा काणकोणात, जिथे आरजीचा उमेदवार पडला तिथलं मतही त्या हिशोबात धरलं गेलं. मान्यता मिळाली की चिन्ह राखीव होतं, त्यांचा फुटबॉल आता दुसऱ्या कोणाला मिळत नाही, आणि अर्ज भरताना दहा सूचक गोळा करत फिरावं लागत नाही, एकावर काम होतं. लहान पक्षाच्या पोरांना विचारा, शेवटच्या दिवशी दहा सह्यांपैकी एकाचा मतदार यादीतला नंबर चुकीचा निघाला की काय होतं ते.

आणि 'प्रादेशिक पक्षाचं गोव्यात काही चालत नाही' असं म्हणणाऱ्यांनी 1963 आठवावं. मुक्तीनंतरची पहिली निवडणूक, 30 जागा, मगोच्या 16, युनायटेड गोवन्सच्या 12, आणि नेहरू पंतप्रधान असताना काँग्रेसची एक.

मग नोटा दाबा

हा सल्ला सगळ्यात वाईट. विधानसभा-लोकसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवार जिंकतो, बाकी काही होत नाही. 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर आला, सत्तावीस हजारांच्या वर मतं, आणि आमदार जो व्हायचा तोच झाला. 2024 ला मुंबई उत्तर पश्चिममध्ये निकाल लागला 48 मतांनी आणि नोटाला पडली होती पंधरा हजारांवर. महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये महापालिका-नगरपालिकांसाठी नोटा जिंकला तर फेरनिवडणूक असा आदेश काढला, पण तो तेवढ्यापुरताच. ज्या मेसेजला आरजीचं मत फुकट वाटतं त्यानेच नोटा सुचवावा हे मला अजून कळलेलं नाही. नोटा सभागृहात प्रश्न विचारत नाही, पुढच्या वेळी परत उभा राहत नाही, आणि 8 टक्क्यांत तर धरलाच जात नाही.

आता आरजीवाल्यांना

मेसेजवाल्यांचं झालं. पण एवढं वाचून 'बघा, हा आपला' असं समजू नका. पोगोमध्ये गोवेकर कोण ते ठरतं डिसेंबर 1961 च्या मुक्तीआधी आईबाप किंवा आजीआजोबा इथे जन्मले होते का यावरून. माझी काकी सावंतवाडीची, लग्न होऊन चाळीस वर्षं डिचोलीत काढली, तिच्या पोरांना चालेल कारण काका इथला, पण तिचं काय? पेडणे, डिचोली, सत्तरीत अशी घरं शेकड्याने आहेत, सोयरीक सिंधुदुर्गातच होते आमची. शेजारी भाड्याने राहणारा विजापूरचा गवंडी आहे, त्यानेच आमच्या वाड्यावरची अर्धी घरं बांधलीत. जमीन दिल्लीवाला बिल्डर घेतो, डोंगर तो कापतो, आणि शिव्या मात्र गवंड्याला. कॉर्नर मीटिंगला मी हे विचारलं तर एका पोराने 'उजो' (आग) म्हणून घोषणा दिली आणि टाळ्या झाल्या. उत्तर नाही मिळालं.

पुढच्या विधानसभेला आमच्याकडे जो कोणी उमेदवार द्याल त्याला हे दोन प्रश्न मी परत विचारणार आहे, आणि तिसरा म्हणजे उद्या आमदार दोन-तीन झाले आणि बोलावणं आलं तर जाणार का. काँग्रेसचा उमेदवार आला तर त्याला तिसराच प्रश्न आधी.