वाळूवर एवढा राग कशाला?

गेल्या रविवारी आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. वर तीन लाल दिवे आणि खाली ‘फिश टँकवाल्यांनो सावधान!’ दुपारपर्यंत तोच मेसेज आणखी दोन ग्रुपांवरून येऊन पडला. त्यातला एक माझ्या शाळेच्या बॅचचा, जिथे मासे पाळणारा मी एकटाच. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर तो मला वेगळा पाठवला. सोबत एक ओळ होती, “भाऊ, तुमच्या टाकीत वाळूच आहे ना? आज सुट्टी आहे तर काढून टाका.”

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : वाळूत विषारी गॅस तयार होतो आणि मासे एका रात्रीत मरतात. वाळू साफ करता येत नाही, उलट खडी टाकली की घाण खाली जाते आणि टाकी स्वच्छ राहते. वाळूत चांगले जिवाणू राहत नाहीत, झाडं लागत नाहीत, फिल्टरची मोटर जाते, वजनानं काच फुटते. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटची ओळ : ‘तरीही हौस असेल तर बांधकामावरची वाळू एकदा धुऊन घाला, चालते.’

माझ्या तीन फुटी टाकीत सहा वर्षं वाळू आहे. तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

गॅसची गोष्ट खोटी नाही, हे आधीच सांगतो. तो हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यांच्या वासाचा. पाण्यात तो अगदी सूक्ष्म प्रमाणात उरला तरी माशांना घातक असतो. पण तो वाळूतून आपोआप निघत नाही. त्यासाठी वाळूचा थर जाड हवा, तो घट्ट दाबून बसलेला हवा, आत प्राणवायू पोचत नसावा आणि मुख्य म्हणजे त्यात सडायला काहीतरी हवं : उरलेलं खाणं, मेलेली पानं, विष्ठा. मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू तिथे कामाला लागतात आणि पाण्यातल्या सल्फेटपासून हा वायू बनवतात. काचेलगत वाळूत काळे डाग दिसतात, ते बहुतेकदा या वायूची लोहाशी गाठ पडून झालेले असतात.

आता थर किती जाड? साध्या टाकीला तीन-चार सेंटीमीटर पुरतात. एवढ्या थरात वायू साठायला फारशी जागाच नसते. थोडाफार झालाच तर वर येताना प्राणवायू असलेल्या पाण्यात त्याचं रूपांतर होऊन जातं. खरी भीती आहे ती दहा-दहा सेंटीमीटरचे ढीग रचून वर्षानुवर्षं हात न लावणाऱ्यांना, आणि एक दिवस अचानक सगळा ढीग उकरणाऱ्यांना. जुन्या टाकीत म्हणून एका वेळी एकच कोपरा हलवावा. मी आठवड्याला पाणी बदलताना चायनीजच्या डब्याबरोबर आलेली लाकडी काडी वाळूत चार ठिकाणी फिरवतो. उरलेलं काम लांबट शंखाच्या गोगलगायी करतात. त्या दिवसा वाळूत घुसून बसतात आणि रात्री वर येतात. दुकानदार त्यांना ट्रम्पेट स्नेल म्हणतात, आणि झाडांबरोबर न मागता येतात.

‘एका रात्रीत मासे मरतात’ या वाक्यानं लोक खरे घाबरलेत. मासे मेले, हे कुणाचं तरी खरंच घडलं असणार. पण घडतं ते असं. माणूस टाकीला नवं रूप द्यायचं ठरवतो. जुनी खडी काढतो आणि लगे हात फिल्टरचा स्पंजही नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुतो. टाकी घासतो, नवी वाळू घालतो, नळाचं पाणी भरतो, मासे सोडतो. संध्याकाळी सगळे कौतुकानं बघायला येतात, म्हणून दोनदा खाणं पडतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात.

माशांच्या शरीरातून आणि सडणाऱ्या खाण्यातून अमोनिया निघतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्याचं नायट्रेट करतो, आणि हे नायट्रेट बरंच कमी घातक असतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. इथे एका दुपारीत सगळी वस्ती उठवली, उरलेल्यांना नळातल्या क्लोरिननं गाठलं. मासे अमोनियानं मेले, आणि नाव वाळूवर गेलं, कारण नवीन दिसणारी वस्तू तेवढी एकच होती. त्याच दिवशी नवी खडी घातली असती तरी हेच झालं असतं. बदल करायचाच असेल तर स्पंजला हात लावू नका, किंवा फार तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा. खाणं आठवडाभर निम्मं करा आणि नळाचं पाणी क्लोरिन मारणारे थेंब घालूनच भरा.

‘खडी टाकली की घाण खाली जाते आणि टाकी स्वच्छ राहते.’ या वाक्याला मी दाद देतो. अर्धं खरं आहे. घाण खाली जाते! पलंगाखाली केर लोटला की खोली जशी स्वच्छ होते, तशीच टाकीही. खड्यांच्या फटीतून खाण्याचे दाणे तळाशी उतरतात, माशांना ते काढता येत नाहीत, आणि सायफन, म्हणजे टाकीतलं पाणी ओढून काढायची नळी, अगदी आत रोवून फिरवल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. वाळूचे कण एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून घाण वरच राहते. दिसते. वाळू चहाडखोर आहे, काल जास्त खाणं घातलंत हे ती आज सकाळी सांगते. पुष्कळांना तेच आवडत नाही, असा माझा अंदाज आहे.

साफ करायची पद्धत मात्र वेगळी. सायफनचं तोंड वाळूत खुपसायचं नाही, दोन-तीन सेंटीमीटर वर धरून गोल फिरवायचं. हलकी घाण उचलली जाते, वाळू खाली बसते. वाळू वर यायला लागली की नळी चिमटीत दाबायची. दोन रविवारांत हात बसतो.

जिवाणू राहत नाहीत म्हणे. वाळूतल्या जिवाणूंवर शहरांचं पाणी चाललं आहे. 1804 साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात जॉन गिब यानं वाळूतून पाणी गाळून लोकांना पुरवलं. 1829 साली जेम्स सिम्प्सननं लंडनमध्ये चेल्सीच्या पाणी कंपनीसाठी तेच मोठ्या प्रमाणावर केलं. त्या संथ गाळण्यांत पाणी शुद्ध होतं ते वाळूच्या माथ्यावर जमलेल्या जिवंत, बुळबुळीत थरामुळे. गणितही सोपं आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या कणांचा पृष्ठभाग, तेवढ्याच आकारमानाच्या पाच मिलिमीटरच्या खड्यांच्या दहापट असतो. अर्थात या दहापटीवर फार नाचू नये. घरच्या टाकीत वाळूच्या पोटातून पाणी फिरत नाही, त्यामुळे प्राणवायू लागणारे जिवाणू वरच्या पातळ थरातच राहतात, आणि मुख्य काम फिल्टरच करतो. खडीच्या टाकीतही तोच करतो.

झाडांचा मुद्दा लगेच निकालात निघतो. वाळूत पोषण नाही हे खरं, पण रंगीत खडीत कुठे आहे? जाड मुळांच्या झाडांशेजारी दोन्हीकडे खताची गोळी खोचावी लागते. वॅलिस्नेरिया तर वाळूत असं धावतं की उपटून वाटावं लागतं. अनुबियास आणि जावा फर्न कशातच पुरायचे नसतात, लाकडाला बांधायचे असतात.

मोटरचं मात्र मेसेजवाल्याचं बरोबर आहे. वाळू ओढली गेली तर आतला पंखा घासतो, अडकतो. उपाय म्हणजे फिल्टरचं तोंड तळापासून चार बोटं वर ठेवायचं, त्यावर स्पंजचा तुकडा चढवायचा आणि वाळू हलवताना बटण बंद करायचं. ज्यांच्याकडे तळाशी जाळीची प्लेट ठेवून चालणारा फिल्टर आहे त्यांनी वाळूचा विचारच करू नये, ती जाळीतून खाली जाऊन सगळं तुंबवेल. आणि एक तोटा मेसेजवाल्याला सुचलाच नाही. काच पुसायच्या चुंबकात वाळूचा एक कण अडकला तर काचेवर कायमचा ओरखडा उठतो. माझ्या टाकीवर डाव्या कोपऱ्यात तसा एक आहे.

वजनाचं बोलू. तीन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद टाकीत चार सेंटीमीटर थराला साधारण 22 किलो वाळू लागते. तेवढीच खडी घ्या, वजन जवळपास तेच भरेल. त्याच टाकीत दीड फूट पाणी भरलं तर दीडशे किलोच्या आसपास होतं. काच फुटली तर आधी खालचा स्टँड समतल आहे का आणि टाकीखाली थर्माकोल घातलं होतं का ते बघा.

आता ती शेवटची ओळ. अख्ख्या मेसेजमध्ये लोकांना धोक्यात घालणारी तेवढीच आहे, आणि ती सल्ला म्हणून दिली आहे.

मी स्वतः ते करून बसलोय. समोरच्या साइटवरून एक घमेलं आणलं, बादलीत एकदा धुतलं, घातलं. आठ दिवस टाकीत ताकासारखं पाणी. हल्ली बऱ्याच साइटवर नदीची वाळू नसतेच, असतो तो क्रश सँड, म्हणजे आपल्याच काळ्या दगडाचा यंत्रात केलेला चुरा. त्याचे कण धारदार असतात आणि पिठासारखी भुकटी संपतच नाही. शिवाय साइटवरच्या ढिगात सिमेंट मिसळलेलं असू शकतं. सिमेंट पाणी अल्कधर्मी करतं, आणि ते माशांना सोसत नाही. माझे दोन मॉली मासे गेले. त्यांचा दोष वाळूला देता आला असता.

मग गोदावरीतून आणू का, असं एकानं विचारलं. नको. नदीतली वाळू गौण खनिज आहे, परवानगीशिवाय काढता येत नाही. आणि शहरातून वाहणाऱ्या नदीच्या तळाशी काय काय बसलंय याची हमी कोण देणार? समुद्राची वाळूही नको, शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे पाण्यात क्षार वाढून ते जड होतं. पाण्याच्या फिल्टरसाठी मिळणारी चाळलेली सिलिका वाळू घ्या, अर्धा ते एक मिलिमीटरची, गोलसर कणांची. घरी चमचाभर कोरड्या वाळूवर पांढरं व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती वापरू नका. मग बादलीत थोडी थोडी घेऊन हातानं ढवळून धुवायची, पाणी नितळ निघेपर्यंत. आठ-दहा पाणी लागतात, ते कुंड्यांना घाला. टाकीत भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर हळू धार सोडायची.

हा सगळा खटाटोप कुणासाठी, तर तळाशी राहणाऱ्या माशांसाठी. कोरिडोरास वाळूत तोंड खुपसतो, तोंडभर वाळू घेतो, खाणं ठेवतो आणि वाळू कल्ल्यांतून सोडून देतो. खडीवर त्याला हे करता येत नाही. धारदार, घाणेरड्या तळावर त्याच्या मिशा झिजतात. कुहली लोच तर वाळूत शिरून फक्त डोकं बाहेर ठेवतो. तुमच्याकडे नुसते गप्पी असतील तर खाली काय आहे याचं त्यांना सोयरसुतक नसतं. मेसेजमध्ये ‘कोणते मासे?’ हा प्रश्नच नाही.

वहिनींना मी एवढं लांब लिहिलं नाही. संध्याकाळी खाली जाऊन त्यांची टाकी बघितली. दोन गोल्डफिश, तळाशी जाळीचा प्लेट फिल्टर, वर निळी खडी. “म्हणजे मीही वाळू घालू का आता?” त्यांनी विचारलं. नाही म्हटलं, तुमचा फिल्टर खडीवरच चालतो. फक्त ही वाटाण्याएवढी खडी बदला, टप्प्याटप्प्यानं, महिन्याला थोडी. गोल्डफिश तळ चिवडत बसतो आणि एवढा खडा त्याच्या घशात अडकू शकतो. तोंडात मावणार नाही एवढी मोठी घ्या. आणि खाणं कमी करा. त्या हसल्या, कारण डबा त्यांच्या हातातच होता.