‘अदलाबदल केली आणि भांडण मिटलं’: ग्रीस-तुर्कस्तानच्या फॉरवर्डचा प्रतिवाद

फाळणीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास येतो. शाळेच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, परवा मावसभावाने पाठवला. त्याचा सारांश असा: ‘१९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्तानने आपापले अल्पसंख्याक एकमेकांना देऊन टाकले. ठरवून, शिस्तीत. ग्रीक ग्रीसला गेले, तुर्क तुर्कस्तानात गेले, प्रत्येकाला मालमत्तेचा मोबदला मिळाला. एकही शिल्लक राहिला नाही, म्हणून तेव्हापासून तिथे शांतता आहे. बाबासाहेबांनी हेच सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही.’

१९४७ मध्ये आपण काय करायला हवं होतं, हा वाद मी इथे घालत नाही. पण ज्या उदाहरणावर हा सगळा डोलारा उभा केलाय, ते तसं घडलेलंच नाही. सोळा लाखांच्या आसपास माणसं यात मुळासकट उपटली गेली. त्यांची गोष्ट चार ओळींत इतकी गुळगुळीत केलेली पाहिली की मला गप्प बसवत नाही. म्हणून एकेक वाक्य घेतो.

‘ठरवून, शिस्तीत.’

करार झाला ३० जानेवारी १९२३ रोजी, स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे. त्या दिवशी अनातोलियातले, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागातले, बहुतेक ग्रीक आधीच परागंदा झालेले होते. मे १९१९ मध्ये ग्रीक सैन्य स्मिर्ना बंदरात, म्हणजे आजच्या इझमीरला, उतरलं होतं. बायझंटाइन साम्राज्याच्या जुन्या मुलखावर पुन्हा ग्रीक राज्य आणायचं, या स्वप्नाला अथेन्समध्ये ‘मेगाली इदेआ’ म्हणत. सैन्य अंकाराच्या रोखाने सकार्या नदीपर्यंत गेलं, तिथे अडलं, आणि ऑगस्ट १९२२ मध्ये मुस्तफा केमालच्या (पुढचे अतातुर्क) फौजांनी त्याचा पार धुव्वा उडवला. माघारी फिरताना ग्रीक सैन्याने मनिसा, आलाशेहिरसारखी गावं जाळली. ९ सप्टेंबरला तुर्की सैन्य स्मिर्नात शिरलं, १३ तारखेला आग लागली आणि शहरातल्या ग्रीक व आर्मेनियन वस्त्या खाक झाल्या. पाठीशी आग आणि पुढ्यात समुद्र, अशा अवस्थेत बंदराच्या धक्क्यावर माणसांची दाटी झाली होती आणि समोर दोस्त राष्ट्रांच्या युद्धनौका नांगर टाकून उभ्या होत्या. १८ ते ४५ वयाच्या पुरुषांना बाजूला काढून मुलखात आत नेलं, मजूर तुकड्यांत घातलं. त्यातले कितीतरी परत आलेच नाहीत. म्हणून ग्रीसच्या बंदरांत उतरलेल्या बोटींत बायका, मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त दिसतात. पुढच्याच महिन्यात पूर्व थ्रेसमधल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या युरोपातल्या भागातल्या, ग्रीकांनी बैलगाड्या जुंपल्या आणि पावसाचिखलातून पश्चिमेची वाट धरली.

कराराप्रमाणे, त्यासाठी नेमलेल्या मिश्र आयोगाच्या देखरेखीखाली ग्रीसला नेलेले ख्रिश्चन होते फक्त दोन लाखांच्या आसपास. उरलेले दहा लाख त्याआधीच जीव मुठीत धरून पळाले होते. कराराने त्यांच्यासाठी एवढंच केलं की परतीचं दार लावून घेतलं. पहिल्याच कलमात ही अदलाबदल सक्तीची असल्याचं म्हटलंय, आणि सरकारच्या परवानगीशिवाय कुणालाही परत येऊन राहता येणार नाही असंही. तिसऱ्या कलमाने १८ ऑक्टोबर १९१२ पासून घर सोडलेल्या सगळ्यांना त्यात ओढलं. राजीखुशीला जागाच ठेवलेली नव्हती.

ग्रीसमधल्या साडेतीन-चार लाख मुसलमानांचं तर आणखी वेगळं. क्रीट काय, मॅसिडोनिया काय, हे प्रदेश १९२२ च्या रणभूमीपासून दूर होते. तिथल्या शेतकऱ्याला एका कागदाने सांगितलं की तुझं गाव आता तुझं नाही.

हा तोडगा लोझानच्या कॉन्फरन्समध्ये मांडला तो फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी. नॉर्वेचे, राष्ट्रसंघाचे निर्वासित आयुक्त, १९२२ चे नोबेल शांतता पुरस्कार विजेते. त्यांच्यापुढे उघड्यावर पडलेली दहा लाख माणसं होती आणि हिवाळा होता, हे समजून घेता येतं. पण त्याच टेबलावर बसलेले ब्रिटिश परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन (हो, वंगभंगवाले कर्झन) म्हणाले होते की हा अत्यंत वाईट आणि घातक तोडगा आहे, आणि जगाला त्याची जबर किंमत पुढची शंभर वर्षं मोजावी लागेल. असं म्हणून त्यांनीच तो पुढे रेटला. आदर्श उपाय म्हणून तो तेव्हा करणाऱ्यांनासुद्धा पटलेला नव्हता.

‘ग्रीक ग्रीसला गेले, तुर्क तुर्कस्तानात गेले.’

या वाक्याने मला सगळ्यात जास्त त्रास होतो. करारात ‘ग्रीक’ आणि ‘तुर्क’ अशी वाटणीच नाही. तिथे शब्द आहेत: ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्माचे तुर्की प्रजाजन, आणि मुस्लिम धर्माचे ग्रीक प्रजाजन. भाषा कोणती, पूर्वज कुठले, स्वतःला तो माणूस काय समजतो, हे कुणी विचारलं नाही.

इस्तंबूलच्या तटाबाहेर बालिक्ली नावाचं ऑर्थोडॉक्स देवस्थान आहे. त्याच्या अंगणात फरशा म्हणून जुन्या थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत. कुणाच्या शिळेवर त्याच्या धंद्याची हत्यारं कोरलेली आहेत. अक्षरं ग्रीक. पण ग्रीक येणारा माणूस ती वाचायला लागला तर त्याला अर्थ लागणार नाही, कारण अक्षरं ग्रीक असली तरी भाषा तुर्की आहे. ही माणसं करामानली. मध्य अनातोलियातले, कप्पादोकियाच्या बाजूचे ख्रिश्चन. घरात तुर्की, बाजारात तुर्की, देवापुढे प्रार्थनाही तुर्कीत. १९२४ मध्ये कप्पादोकियातल्या अशा लोकांना ‘मायदेशी’ म्हणून बोटीत बसवलं. ज्या देशात उतरले, तिथलं बोलणं त्यांच्यातल्या अनेकांना कळत नव्हतं.

समुद्राच्या दुसऱ्या बाजूने याच गोष्टीचा आरसा. क्रीटचे मुसलमान पिढ्यान् पिढ्या क्रीटची ग्रीक बोलत. त्यांना नेऊन तुर्की किनाऱ्यावरच्या आयवालिक गावात आणि समोरच्या जुंदा बेटावर, ग्रीकांनी सोडलेल्या घरांत बसवलं. तुर्की येत नाही म्हणून शेजारी त्यांना ‘अर्धे काफर’ म्हणत. आणि ग्रीसमध्ये आलेल्यांना तिथले लोक ‘तुर्काचं बियाणं’ म्हणत, ‘दह्यात बाप्तिस्मा घेतलेले’ म्हणत. दोन्हीकडे घरी आणलेली माणसं दोन्हीकडे परकी ठरली.

तुर्कीत या लोकांना आजही ‘मुबादिल’ म्हणतात. आपल्याकडचे बदल, बदली, अदलाबदल हे शब्द ज्या अरबी धातूतले, त्यातलाच हाही. माणसाला कायमचं नाव पडलं ते ‘बदललेला’ असं.

कप्पादोकियातल्या उर्गुपच्या, ग्रीकांच्या प्रोकोपीच्या, लोकांनी निघताना सोबत काय नेलं? संत योहान्नाचं पार्थिव. त्या संताला गावातले मुसलमानही मानत. ते पार्थिव आज एव्हिया बेटावरच्या नेओ प्रोकोपी गावात आहे. नेओ म्हणजे नवं. ग्रीसच्या नकाशावर अशी ‘नवी’ गावं जागोजाग सापडतात: नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया, नेआ फिलाडेल्फिया. लोकांनी जुन्या गावाचं नाव तेवढं बरोबर आणलं.

‘प्रत्येकाला मालमत्तेचा मोबदला मिळाला.’

कागदावर होतं खरं. मिश्र आयोग प्रत्येकाच्या स्थावर मालमत्तेची किंमत ठरवणार आणि तेवढ्याच किमतीची मालमत्ता पलीकडे देणार. पण ग्रीसला आलेले लोक गेलेल्यांच्या तिप्पट होते, मग तेवढी घरं नि जमिनी आणायच्या कुठून? किंमत ठरवण्याचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. शेवटी जून १९३० मध्ये अंकाराला दोन्ही सरकारांनी एकमेकांवरचे दावे वजा करून हिशेब मिटवला. म्हणजे निर्वासिताच्या मागे राहिलेल्या घराचा दावा त्याला न विचारता त्याच्याच सरकारने सोडला. ग्रीसचे पंतप्रधान व्हेनिझेलॉस हे निर्वासितांचे लाडके पुढारी. या कराराने त्यांच्यावर चिडलेल्या निर्वासितांची बरीच मतं पुढच्या निवडणुकांत त्यांच्यापासून दूर गेली.

पुनर्वसन सुरळीत झालं असंही या मजकुराच्या काही आवृत्त्यांत असतं. १९२८ च्या जनगणनेत ग्रीसची लोकसंख्या ६२ लाख होती आणि त्यात निर्वासित १२,२१,८४९. पाचातला एक. अथेन्सच्या म्युनिसिपल थिएटरचा तेव्हाचा एक फोटो प्रसिद्ध आहे: प्रेक्षागृहाच्या प्रत्येक बॉक्समध्ये एकेक कुटुंब, कठड्यावर वाळत घातलेले कपडे. मॅक्रोनिसी बेटावर आणि थेसालोनिकीजवळच्या विलगीकरण छावण्यांत टायफस आणि देवीने माणसं मेली. राष्ट्रसंघाच्या मध्यस्थीने १९२४ आणि १९२८ मध्ये कर्जं उभारली गेली, आणि १९३२ मध्ये, जागतिक मंदीच्या तडाख्यात, ग्रीसने हात वर केले.

या लोकांनी पुढे ग्रीसला काय दिलं, तेही सांगायला हवं. मॅसिडोनियातली तंबाखूची शेती, गालिच्यांचे कारखाने, रेबेतिको गाणी. एईके हा अथेन्सचा फुटबॉल क्लब आणि थेसालोनिकीचा पीएओके, दोन्ही कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे इस्तंबूलहून, आलेल्यांनी काढले. दोघांच्या बिल्ल्यावर बायझंटाइन दोन डोक्यांचा गरुड आहे. पण हे कर्तृत्व त्या माणसांचं आहे. ते कराराच्या खात्यात जमा करणं मला मान्य नाही.

‘एकही शिल्लक राहिला नाही.’

हे तर सरळ चूक. कराराच्या दुसऱ्या कलमातच दोन समूह वगळले होते: इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसच्या ईशान्य टोकाला असलेल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान, प्रत्येकी लाखाच्या आसपास. पुढे इम्ब्रोस आणि टेनेडोस या तुर्कस्तानकडच्या बेटांवरचे ग्रीकही वगळले गेले.

राहिलेल्यांचं काय झालं, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने वाचायला हवं होतं. १९४२ मध्ये तुर्कस्तानने संपत्ती कर बसवला. ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू व्यापाऱ्यांवर तो मुसलमान व्यापाऱ्यांच्या कैक पट लावला. भरू न शकलेल्यांना पूर्व तुर्कस्तानातल्या अश्कालेच्या थंडीत रस्त्याच्या कामावर पाठवलं. ६ सप्टेंबर १९५५ च्या संध्याकाळी, थेसालोनिकीत अतातुर्कच्या जन्मघराच्या आवारात बॉम्ब फुटल्याची बातमी जादा अंकातून पसरली आणि इस्तंबूलमध्ये जमाव सुटले. एका रात्रीत हजारो दुकानं फुटली, चर्च आणि शाळा जाळल्या, कबरी उकरल्या. दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रांत इस्तिकलाल रस्ता दिसत नाही. दिसतो तो उलगडून फाडलेल्या कापडाच्या ताग्यांचा खच. १९६४ मध्ये सायप्रस बेटावरच्या ग्रीक-तुर्क भांडणाचा राग म्हणून ग्रीक नागरिकत्व असलेल्या सुमारे १२,००० जणांना हाकललं. २० किलो सामान आणि थोडीशी रोकड एवढंच नेऊ दिलं. घरच्यांसह गेलेले याच्या तिपटीपर्यंत भरतात. आज त्या शहरात दोन-तीन हजार ग्रीक उरलेत.

ग्रीसनेही आपल्या बाजूला काही फार बरं केलं नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातल्या १९ व्या कलमाने, ‘ग्रीक वंशाचा नसलेला’ माणूस देश सोडून गेला की त्याचं नागरिकत्व परस्पर काढून घेता येई. ते १९९८ मध्ये रद्द होईपर्यंत सुमारे ६०,००० लोकांचं गेलं, बहुतेक पश्चिम थ्रेसचे मुसलमान. आणि ‘तुर्की’ हा शब्द संस्थेच्या नावात आहे म्हणून पश्चिम थ्रेसमधल्या क्सांथीच्या संघटनेवर बंदी घातली गेली, ते प्रकरण २००८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयात ग्रीसच्या विरोधात गेलं.

‘तेव्हापासून तिथे शांतता आहे.’

काही वर्षं होती, हे मान्य. १९३० मध्ये मैत्रीचा करार झाला, १९३४ मध्ये व्हेनिझेलॉस यांनी अतातुर्कचं नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवलं. दहा वर्षं लढून दोन्ही देश थकले होते, आणि व्हेनिझेलॉस यांनी मेगाली इदेआ मनापासून सोडून दिली होती. मैत्री त्यातून आली. माणसं हलवली की मैत्री आपोआप होत असती, तर ती १९२३ मध्येच झाली असती. मधली सात वर्षं मालमत्तेवरून आणि इस्तंबूलमध्ये नेमकं कुणाला राहू द्यायचं यावरून भांडणातच गेली.

त्यानंतर सायप्रस. जुलै १९७४ मध्ये अथेन्सच्या लष्करी राजवटीने तिथे बंड घडवलं आणि पाचव्या दिवशी तुर्की सैन्य उतरलं. ‘सायप्रसमध्ये अदलाबदल झाली नव्हती म्हणूनच ना?’ असं मावसभावाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण १९७४-७५ मध्ये तिथेही लोक वेगळे केलेच: ग्रीक दक्षिणेला, तुर्क उत्तरेला. पन्नास वर्षं झाली. निकोसिया शहराच्या मधोमध काटेरी तारा आहेत, वाळूची पोती आहेत, संयुक्त राष्ट्रांचे सैनिक आहेत, आणि तोडगा अजून निघालेला नाही. जानेवारी १९९६ मध्ये तर इमिया नावाच्या, माणूस राहत नसलेल्या दोन खडकांवरून ग्रीस आणि तुर्कस्तान युद्धाच्या उंबरठ्यावर आले होते. दोघेही १९५२ पासून नाटोत आहेत, तरीही.

‘बाबासाहेबांनी हेच सांगितलं होतं.’

डॉ. आंबेडकरांनी फाळणीच्या प्रश्नावर लिहिताना तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरियाचा दाखला दिला, हे खरं आहे. त्यांचं ते लेखन १९४० चं. अंकाऱ्याच्या मैत्रीला तेव्हा दहाच वर्षं झाली होती, इस्तंबूलचे लाखभर ग्रीक आपापल्या दुकानांत बसलेले होते, आणि सायप्रस ब्रिटिशांकडे होतं. समोर जे होतं त्यावर त्यांनी मत बनवलं. १९४२, १९५५, १९६४ आणि १९७४ ही सालं ते लिहिताना त्यांच्यापुढे असणं शक्य नव्हतं. आज फॉरवर्ड करणाऱ्यांपुढे ती चारही आहेत.