वास ओळखा, मगच प्या

फ्रान्समध्ये, वाइनच्या बोर्दोत, कुणी रविवारी जेवायला बोलावलं की मी देवाकडे सर्दी मागतो. कारण इथे जेवणाआधी परीक्षा असते, आणि ती नाकाची.

परवा आमच्या घरमालकांनी पोयाक गावच्या रेड वाइनची 1982 सालची बाटली काढली. हे साल उच्चारताना इथल्या माणसांचा आवाज आपोआप खाली येतो. बाटली इतकी वर्षं तळघरात आडवी, कारण बूच ओलं राहायला हवं. मग जेवणाच्या आदल्या दिवशी उभी केलेली, गाळ तळाशी बसावा म्हणून. अशा म्हाताऱ्या बुचात स्क्रू फिरवला तर भुगाच व्हायचा. म्हणून दोन पात्यांचा चिमटा बुचाच्या दोन्ही कडांनी आत सरकवायचा आणि हलवत, वळवत ओढायचं. सगळे श्वास रोखून बघत होते. मी भाजलेल्या कोकराकडे बघत होतो.

बूच निघालं तर मेणबत्ती आली. ती बाटलीच्या मानेमागे धरून वाइन हळूहळू काचेच्या सुरईत ओतायची आणि गाळाची काळी रेघ मानेशी दिसली की थांबायचं. मधल्या वेळात मला 1855 ची प्रतवारी ऐकवण्यात आली. दलालांनी बाजारभाव बघून इथल्या मेदोक भागातल्या शातोंचे, म्हणजे वाइन करणाऱ्या मळ्यांचे, पाच वर्ग पाडले, ते आजही चालू. पोयाकच्याच मूताँ-रोथशिल्डला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात यायला 1973 उजाडलं. बढतीसाठी 118 वर्षं! आपली सरकारी खाती उगाच बदनाम आहेत.

ग्लासात रंग जांभळा नाहीच, कडेला चक्क विटकरी. द्राक्षाच्या सालीबियांतला तुरटपणा आणि रंग वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जड होतात आणि तळाला बसतात. वाइन फिकी होते, पण जीभ खरवडायचं सोडते. सगळ्याच वाइनचं असं भलं होत नाही, बरं का. बहुतेक वाइन चार-पाच वर्षांत संपवलेलीच बरी. उगाच ठेवून दिली तर नुसती उतरते.

मग प्रश्न आला, "काय येतंय?"

घरमालक म्हणाले, देवदार. त्यांच्या बहिणीला तंबाखू आणि जुनं चामडं आलं. मेव्हण्यांना पावसानंतरचं जंगल, त्यातही अळंबी. कुणाला नुकती तासलेली पेन्सिल. मग सगळे माझ्याकडे वळले. इथे फार जपून बोलावं लागतं. ओलं जंगल म्हणालात तर माना डोलतात. ओला पुठ्ठा म्हणालात तर बुचानं घात केला असा त्याचा अर्थ होतो आणि बाटली थेट मोरीत.

मी ग्लास फिरवला, डोळे मिटले आणि जे आलं ते सांगून टाकलं, "शाळेचं दप्तर. जुलैतलं."

कुणी हसलं नाही. बहिणीनं पुन्हा हुंगून मान डोलावली. घरमालकांनी तळघराची वही उघडली आणि तारखेपुढे ते लिहूनही घेतलं.

घोट घेतला आणि खरं सांगतो, आवडली. जोर काही उरला नव्हता, पण गिळल्यावरही ती तोंडात बराच वेळ रेंगाळली.

"तुम्हाला नाक आहे!" घरमालक खूश होऊन म्हणाले. मग दुसरी बाटली आणायला ते तळघराकडे निघाले आणि कोकरू परत ओव्हनमध्ये गेलं.