तिने मेसेज डिलीट केला

शाळेतून आले ती तशीच लिहायला बसले आहे. सकाळपासून डोकं फिरलंय.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सहावी ते आठवीला शिकवणारे आम्ही सगळे, काही इंदौर शहरातले, काही सांवेर-महूकडच्या खेड्यांतले. काल रात्री साडेदहाला एका नव्या मुलीने तिथे लिहिलं (नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालंय तिला) की सातवीतल्या एका मुलाने विचारलं, ऋण गुणिले ऋण धन का होतं? मी नियम सांगितला, पण कारण मला सांगता आलं नाही. तुम्ही सगळे कसं शिकवता?

सकाळी उठून बघते तर खाली उत्तरं काय, "मैडम, ग्रुप सिर्फ सूचना के लिए है।" दुसऱ्याचं, "बी.एड. में क्या पढ़ा था?" त्याच्या खाली हसणारे चेहरे. मग सात जणांची गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. साडेआठपर्यंत त्या मुलीने आपला प्रश्न काढून टाकला होता.

फुलं टाकणाऱ्याला या ग्रुपवर आजवर कुणी अडवल्याचं मला आठवत नाही. गणिताचं विचारणारीला मात्र अडवलं. आणि तेही कुणी? रोज फळ्यासमोर उभं राहणाऱ्यांनीच!

माझं पहिलं वर्ष होतं १९९८ चं. सहावीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज. एका मुलाने १/२ + १/३ = २/५ लिहिलं होतं. वर वर मिळवला, खाली खाली मिळवला. मी म्हटलं, चूक. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मैडम, हमारी टीम दो मैच में एक जीती, फिर तीन में एक जीती। कुल पाँच में दो हुई ना?" मला काही सुचेना. पन्नास मुलं बघताहेत. मी त्याला म्हटलं, "बैठ जा, नियम उतार।" तो बसला. त्याचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

नशीब माझं, की त्या शाळेत प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या होत्या आणि म्हणून गणिताच्या आम्ही दोघी होतो. मधल्या सुट्टीत दोघींतल्या मोठ्या, जुन्या बाईंना सांगितलं. त्यांनी बी.एड.चं काही विचारलं नाही. डब्यातल्या पोळीचा अर्धा तुकडा केला, दुसऱ्या पोळीचा तिसरा हिस्सा काढला, दोन्ही शेजारी ठेवले. म्हणाल्या, "बघ, हे जवळजवळ पोळीभर झालं. दोन पंचमांश म्हणजे तर अर्धीसुद्धा नाही." आणि मग म्हणाल्या, "पण त्याचं सामन्यांचं गणित बरोबर आहे हं. तिथे अर्धा आहे तो दोन सामन्यांचा, तिसरा हिस्सा आहे तो तीन सामन्यांचा. पोळी प्रत्येक वेळी वेगळी. त्याला हे सांग, तू चुकला नाहीस म्हणून सांग."

दहा मिनिटं लागली असतील. त्या दहा मिनिटांवर मी इतकी वर्षं शिकवते आहे.

आता मला सांगा, आज कुठल्या शाळेत गणिताच्या दोन बाई आहेत? शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी ठरवून दिलंय की विज्ञान-गणिताला निदान एक, सामाजिक शास्त्राला एक, भाषेला एक. हे 'निदान' म्हणजेच सगळं होऊन बसलंय. प्राथमिकच्या बाई शेजारच्या वर्गात डोकावून विचारू शकतात, बाई, हातचा कसा सांगता? माध्यमिकमध्ये (आमच्याकडे सहावी ते आठवी म्हणजे माध्यमिक) शेजारच्या वर्गात संस्कृत चाललेलं असतं. बदली होऊन या शाळेत आले तेव्हापासून चौदा वर्षं गणिताची मी एकटीच. माझा डबा भाषेच्या बाईंबरोबर. त्या फार चांगल्या आहेत, पण १/२ + १/३ चं मी त्यांच्याशी काय बोलणार?

आणि वय तरी कसलं, अकरा ते चौदा! या वयात मूल नियमाचं 'का' विचारतं आणि उत्तर मिळालं नाही की कायमचं गप्पही बसतं. आता आठवीची बोर्ड पद्धतीची परीक्षाही परत आलीय, म्हणजे आम्हाला नियम उतरवून द्यायची घाई आणखीच. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला ५० तास स्वतःच्या वाढीसाठी द्यावेत असं म्हटलंय. ते तास प्रशिक्षणाचे व्हिडिओ न बघताच पुढे सरकवण्यात जातात. मी स्वतः सरकवलेत. चौदा मिनिटांच्या व्हिडिओला प्रश्न विचारता येत नाही हो!

शिक्षकांनी एकमेकांना विचारायचं, हे काही आपल्या मध्य प्रदेशात कधी झालंच नाही असंही नाही, म्हणून जास्त जीव जळतो. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी केलेला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला, नंतर एकलव्य या संस्थेने सांभाळला. सहावी ते आठवीच, प्रयोग करून शिकायचं. त्यात शिक्षकांची मासिक बैठक असायची. माझी मावशी त्या जिल्ह्यात शिकवायची. डबा बांधून बसने बैठकीला जायची आणि घरी येऊन तावातावाने सांगायची, आज आम्ही दोन तास पानांच्या शिरा आणि मुळांवर भांडलो. जाळीदार शिरा असल्या की सोटमूळ, समांतर असल्या की तंतुमूळ. पण कुणाच्या तरी वर्गातल्या मुलीने नियमात न बसणारं झाड उपटून आणलं होतं. तेच झाड बैठकीच्या टेबलावर! फोन नाही, ग्रुप नाही, आणि तरी एका मुलीचा प्रश्न सगळ्यांपर्यंत पोचत होता. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. मावशीने त्यानंतर शाळेतल्या झाडामुळांचं घरी काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

बरं, सूचनांना जागा हवी, मान्य. मध्येच शंभर मेसेज आले की पगाराचं पत्रक सापडत नाही. मुलांची नावं आणि वहीचे फोटो कुठेही फिरू नयेत, हेही खरं. झालं? मग करा की दुसरा ग्रुप. तिला तिथे बोलवा. पण "बी.एड. में क्या पढ़ा" असं म्हणताना तुमची बोटं कशी हो चालली? तुम्हाला येतं का ऋण गुणिले ऋण? येत असतं तर दोन ओळी लिहिल्याच असत्या. येत नसेल तर त्यात लाजायचं काय आहे, मला सामन्यांचं येत नव्हतंच.

ज्याने लिहिलं ते गृहस्थ हे वाचतील. वाचा. तुम्ही वाईट नाही, मला माहीत आहे. निवडणुकीची ड्यूटी, याद्या, पोर्टलवरची माहिती, त्यात तुमचा वर्ग बुडतो आणि रात्री कुणी गणिताचं विचारलं की चिडचिड होते. माझीही झाली असती कदाचित. पण त्या मोठ्या बाईही त्या दिवशी थकलेल्याच होत्या.

लिहिणं मध्येच थांबवून संध्याकाळी मी त्या मुलीला फोन केला. आधी नुसतं "सॉरी मॅडम, चुकून टाकलं" म्हणत राहिली. मग हळूहळू बोलू लागली. आम्ही दोघींनी कागद घेतला: ३ × (–२) = –६, २ × (–२) = –४, १ × (–२) = –२, ० × (–२) = ०. दर पायरीला उत्तर दोनने वाढतंय. आता आणखी एक पायरी खाली उतर, (–१) × (–२) किती यायला हवं? पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग "अय्या!" मी तिला म्हटलं, हे मुलांना सांगू नकोस, त्यांनाच उतरू दे. मग तिनेच मला उधारीचं सुचवलं, दोन रुपयांच्या तीन उधाऱ्या कुणी खोडल्या तर सहा रुपये वाचले. हे मी इतकी वर्षं कधी वापरलं नव्हतं. उद्या वापरणार.

रविवारी सकाळी साडेनऊला माझ्याकडे या, रामबागेत. सहावी, सातवी, आठवीला काहीही शिकवत असाल तरी या, संस्कृतसुद्धा. पोहे मी करते, वर भुरभुरायला जीरावण मसाला आहे. येताना तुमच्या वर्गातल्या मुलाचं एक चुकलेलं उत्तर कागदावर उतरवून आणा, नाव न लिहिता. असं आणा, की ते त्याने तसं का लिहिलं हे तुम्हाला अजून कळलेलं नाही.